इथं बाई कपडे शिवते

आठ वर्षं मी पडद्यामागे बसून कापड कापलं. दुकान माझ्या भासऱ्यांचं, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाचं. सिंदी रेल्वेला स्टेशनकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते होतं. बाहेर पेंटरनं रंगवलेली पाटी, तिच्यावर त्यांचं नाव आणि पुढे ‘टेलर्स’. लग्न होऊन आले तेव्हा मला ब्लाउज, परकर, पोरींचे फ्रॉक एवढंच येत होतं. पँट-शर्टाचं कटिंग मला कुणी बसवून शिकवलं नाही. भासऱ्यांची नजर कमी होत गेली आणि काम माझ्याकडे सरकत आलं. आधी ते सुईत दोरा ओवायला पडद्याखालून हात पुढे करायचे. मग खडूच्या खुणा तपासायला कापड देऊ लागले. मग एक दिवस मापाची चिठ्ठी आणि पँटपीस दोन्ही पडद्याखालून आलं, कापडावर खडूची एकही खूण नव्हती. मी कापलं.

भासऱ्यांशी सरळ बोलायची आमच्या घरी रीत नव्हती. डोक्यावर पदर घ्यायचा आणि बोलणं तिसऱ्याच्या तोंडून. दुकानात तिसरं कोणी नसायचं, म्हणून ते मशीनशी बोलायचे. “कंबर दोन सूत ढिली पाहिजे म्हणते गिऱ्हाईक,” असं मशीनला सांगायचे आणि मी पडद्याआड ढिली करायची. वाईट माणूस नव्हता. सणाला माझ्यासाठी आठवणीनं साडी आणायचे. पण गिऱ्हाइकाला वाटायचं की सगळं तेच कापतात, आणि तसं वाटू देणं त्यांना सोयीचं होतं.

एका सकाळी एक गुरुजी नवी पँट घालून बघायला आले. आरशासमोर वळून वळून बघत म्हणाले, “इतकी बसणारी पँट मले नागपुरात पण नाई भेटली.”

“हात हाये आपला,” भासरे म्हणाले.

मी पडद्यामागे होते, हातात खडू. त्या क्षणी मी काही केलं नाही. समोरचा शर्ट पूर्ण कापला, बाहीच्या मोंढ्याचा गोलही नीट काढला. घरी आल्यावर नवऱ्याला म्हटलं, “मले आता तिथं नाई बसायचं.”

ते कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहेत, कमी बोलतात. “मंग कुठं बसशीन?”

“समोरच्या खोलीत. रस्त्याकडचं दार उघडून.”

जेवता जेवता ते म्हणाले, “त्या दाराची कडी खराब हाये. उद्या बसवून देतो.”

एवढीच आमची चर्चा झाली. मशीन माझं माहेरचं होतं, कात्री माझी होती. राहिली फक्त पाटी.

गावातला पेंटर भासऱ्यांच्या बैठकीतला. मी निरोप पाठवला की तो उद्या म्हणायचा. तिसऱ्या वेळी मी स्वतःच त्याच्या घरी गेले, तेव्हा तो खरं बोलला. “बाईच्या दुकानाले पाटी काऊन लागते? बायका विचारत विचारत येतेतच.” मी म्हटलं, “मले विचारत येणारे नाई पाहिजेत, वाचत येणारे पाहिजेत.” तो हसला. मी वर्ध्याची बस धरली.

बसस्टँडजवळ फ्लेक्स छापणारा एक माणूस होता, वयानं माझ्यापेक्षा मोठा, चष्मा कपाळावर. त्यानं कॉम्प्युटर उघडला. “काय टाकायचं, ताई?”

“इथं बाई कपडे शिवते.”

त्यानं मान वर केली. “असं नाई लिहीत. फॅन्सी लेडीज टेलर लिहितेत सारे.”

“सारे लिहू द्या.”

त्यानं लिहिलं. पण अक्षरं निघाली ती काडीसारखी बारीक, गुलाबी, प्रत्येक वेलांटीच्या टोकाला पान फुटलेलं. कोपऱ्यात त्यानं न विचारता एक गोरीपान बाईही बसवली. मी म्हटलं, अक्षर जाड पाहिजे, चालत्या बसच्या खिडकीतून वाचता आलं पाहिजे.

“जाड फॉन्ट नेत्याच्या वाढदिवसाले लागते,” तो समजावणीच्या सुरात म्हणाला. “नाईतर कुस्तीच्या दंगलीले. लेडीज टेलरले नाजूकच शोभते.”

“मायी शिवण नाजूक नाई, भाऊ. उसवत नाई ते,” म्हटलं आणि पिशवी उचलली.

परतीच्या बसमध्ये माझ्या सीटचं रेक्झिन फाटलं होतं. फाटलेला तुकडा वर उभा राहिला होता, काळा, चकाकता, टोकदार. सेलू येईपर्यंत मी तो बोटानं दाबत होते आणि सोडला की तो पुन्हा उभा राहत होता. सिंदीला उतरले ती थेट रेल्वे फाटकाजवळ गेले. तिथे ट्रॅक्टरच्या सीटा शिवणारा एकजण बसतो. त्याच्याकडून पाटीच्या अक्षरांसाठी काळ्या रेक्झिनची कतरण पोतंभर आणली.

रेक्झिन सुती कापडासारखं कात्रीबरोबर वळत नाही. गोल कापायला गेलं की कात्री अडते. पहिला ‘इ’ कापताना मी तीनदा अडले आणि तीन तुकडे वाया गेले. चौथ्या वेळी वळण सोडून दिलं. सरळ काप मारला, थांबले, तुकडा फिरवला, पुन्हा सरळ काप. ‘इ’ला कोपरे आले, पण ‘इ’ झाला. ‘ब’ आणि ‘व’च्या पोटातली भोकं हा वेगळाच घोळ. मधोमध कात्री शिरणार कशी? मग आम्ही काजाच्या खुणेसाठी करतो तसं केलं, घडी घातली आणि घडीच्या टोकाला दोन तिरपे घाव मारले. उघडल्यावर शंकरपाळ्याच्या आकाराचं भोक. कतरणीचे तुकडे कुठे रुंद, कुठे अरुंद, म्हणून ‘क’ ढेरपोट्या झाला आणि ‘प’ अंग चोरून उभा राहिला. प्रत्येक अक्षराची वरची रेघ त्याच्याच तुकड्यातून निघाली होती, त्यामुळे पाटीवर चिकटवल्यावर रेघ सरळ गेलीच नाही, पायऱ्यांसारखी वरखाली झाली. पांढरा रंग दिलेला पत्रा आणि पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन. नवऱ्यानं दोन बाजूंनी खिळे ठोकले आणि रस्त्यापलीकडे जाऊन बघितलं.

“वाचता येते,” ते म्हणाले.

आमच्या समोर चहाची टपरी आहे. पहिल्याच दिवशी तिथला एक गृहस्थ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “अक्षरं कुऱ्हाडीनं तोडले काय वो?” टपरीवरचे सगळे हसले.

मी दारात आले. “कात्रीनं कापले. तुमच्या अंगातला शर्ट पण त्याच कात्रीनं कापला हाये. कॉलर पाहून घ्या, कुऱ्हाड लागली असन कुठं तर.”

त्यानं खरंच कॉलर चाचपली. तो शर्ट भासऱ्यांच्या दुकानातला होता आणि ते त्या टपरीवर प्रत्येकाला ठाऊक होतं. हसणं थांबलं. मी मुद्दाम ठरवून बोलले नव्हते, पण बोलून झाल्यावर मला वाईटही वाटलं नाही.

आठवड्याभरात गोष्ट सिंदीभर झाली. आधी बायका नवऱ्यांचे पँटपीस पिशवीत लपवून आणायच्या, मग नवरे स्वतः येऊ लागले. मी उरलेल्या कतरणीतून दुसरी ओळ कापली, ‘पँट-शर्ट पण’, आणि पहिल्या ओळीखाली चिकटवली. तिसऱ्या दिवशी भासरे आले. दारात उभे राहिले आणि चौकटीकडे बघून बोलू लागले.

“खालची ओळ काढून टाकावं म्हणा. ब्लाउज शिवावं, कोण नाई म्हणते? पण लोक मले विचारून राह्यले, आतापर्यंत कोण कापत होतं म्हणून.”

माझा पदर डोक्यावर होता. मी मशीनवरून उठले आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून बोलले. “मंग सांगा न त्याईले, भाऊजी. कोण कापत होतं ते सांगा.”

ते चौकटीला धरून उभे राहिले. मग पायरी चाचपत उतरले आणि गेले. त्यानंतर दोन वर्षं पोळ्याला, दिवाळीला आम्ही एका घरात जेवलो, पण ते माझ्याशी बोलले नाहीत, मशीनमार्फतसुद्धा नाही. ओळ मी काढली नाही.

एकदा सकाळी दार उघडलं तर पाटीवरचा ‘ई’ गायब. कुणीतरी नखानं उपटून नेला होता. पाटी झाली, ‘इथं बा कपडे शिवते’. टपरीवर दिवसभर खूप गंमत चालली, बा म्हणजे बाप, तो कधी येणार म्हणून मला विचारून झालं. काळी कतरण संपली होती. मी फाटकाजवळून लाल रेक्झिन आणलं आणि आधीच्या दीडपट मोठा ‘ई’ कापला. तो आजही तसाच आहे, लाल आणि सगळ्यांच्या वर डोकं काढून. पुन्हा त्याला कुणी हात लावला नाही.

याच लाल ‘ई’चा फोटो काढताना एक दिवस एक मुलगी मला दिसली. केळझरची पोरगी, सिंदीला मावशीकडे आलेली. रस्त्याच्या मधोमध उभी राहून मोबाइल रोखला होता आणि मागे मोटारसायकली हॉर्न वाजवत होत्या.

“काकू, हे अक्षरं कोणी कापले?”

“मीच. काऊन, चुकले?”

“नाई, नाई,” ती म्हणाली आणि सरळ आत येऊन मापं घेण्याच्या स्टुलावर बसली. ती पुण्याला अक्षरांचंच शिक्षण घेत होती. असंही शिक्षण असतं हे मला तेव्हा कळलं. या अक्षरांचा फॉन्ट करू, म्हणाली. मग कुणीही कॉम्प्युटरवर काहीही लिहिलं की तुमचं अक्षर उमटेल.

“मले तेराच अक्षरं येते,” मी म्हटलं. “पाटीले लागले तेवढेच कापले.”

“बाकीचे आता कापा.”

त्या दिवाळीच्या सुट्टीत ती रोज दुपारी यायची. पहिल्या दिवशी कार्डशीट घेऊन आली, मी परत केली. कागद म्हणाल तसा कापला जातो, त्यात रेक्झिनचा अडेलपणा येणार कुठून? मग आम्ही फाटकाजवळून पुन्हा पोतं आणलं. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत, मग काना-मात्रा, मग जोडाक्षरं. ‘क्ष’ कापताना माझा अंगठा सोलला. ‘ऋ’ मी आयुष्यात फार तर दहादा लिहिला असेल, तो कापायला अख्खी दुपार गेली. ती प्रत्येक अक्षर पांढऱ्या चादरीवर ठेवायची आणि स्टुलावर चढून वरून फोटो घ्यायची. ब्लाउजाला आलेल्या बायका चादरीभोवती उभ्या राहून आपल्या नावाचं अक्षर कुठलं ते शोधायच्या.

उन्हाळ्यात ती लॅपटॉप घेऊन आली. पडद्यावर माझी अक्षरं होती, काळीभोर, चकचकीत. पण काहीतरी बिनसलं होतं. वरची रेघ सुतात ओढल्यासारखी सरळ. शंकरपाळ्यांची भोकं सगळी एका मापाची. ‘क’चं पोट आत घेतलेलं.

“हे कोणाचे?” मी विचारलं.

“तुमचेच, काकू.”

“माये नाई.”

ती कावरीबावरी झाली. म्हणाली, सरांनी सांगितलं की एवढं नीट केल्याशिवाय फॉन्ट म्हणून चालणार नाही, लोकांना ते कच्चं वाटेल. मी तिच्याशी वाद घातला नाही. मोठी कात्री तिच्या हातात दिली आणि रेक्झिनचा तुकडा दिला. “घे. ‘ळ’ काप.”

“मी?”

“हो. गोल काप. तुया सरले आवडन तसा.”

तिनं गोल कापायचा प्रयत्न केला. कात्री अडली. तिनं जोर लावला, तुकडा सटकला. दुसरा घेतला, पुन्हा अडली. मी माझ्या बटणपट्ट्या करत बसले. तासाभरानं तिनं तुकडा फिरवून सरळ काप मारला, पुन्हा फिरवला, घडी घालून दोन घाव मारले. ‘ळ’ झाला. दोन शंकरपाळे एकमेकांना खेटून बसलेले, एक जरा वर, एक खाली. तिच्या अंगठ्याच्या मुळाशी टपोरा फोड आला होता. ती त्या ‘ळ’कडे बघत राहिली.

“हा मुद्दाम तसा नाई केला मी,” ती म्हणाली. “तो तसाच झाला.”

“मंग त्याले सरळ काऊन करतं?”

तिनं लॅपटॉप मिटला. फॉन्टमध्ये आहे तो ‘ळ’ तिचाच.

पुण्याला जाऊन तिनं सगळं पुन्हा बांधलं, यावेळी रेघा वरखाली ठेवून. सरांशी तिची बरीच बोलाचाली झाली म्हणे. तिनं फोनवर सांगितलं, “मी म्हटलं, यात चुकलंय काय ते दाखवा, नीटनेटकं नाही एवढं पुरे नाही.” मला हसू आलं. पण एक तिचं मी मानलं. माझा ‘ख’ खरोखर ‘रव’ वाचला जात होता. ‘खण’ लिहिलं की ‘रवण’ दिसायचं. तो मी पुन्हा कापला, पायाशी जोड देऊन. कपडा ज्याच्या अंगावर बसायचा त्याला तो बसला पाहिजे, त्यात माझी अडून बसायची जागा नाही. आणि एक युक्ती तिनं केली ती मला फार आवडली. जी अक्षरं सारखी लागतात ती तिनं माझ्याकडून दोन-दोनदा कापून घेतली होती आणि कॉम्प्युटर ती आलटून पालटून टाकतो. ‘बाबा’ लिहिलं की दोन्ही ‘ब’ वेगळे दिसतात, जसे हातानं कापल्यावर दिसतील.

शेवटचं भांडण नावावरून झालं. तिच्या कॉलेजात सगळ्यांना ‘गावरान’ हे नाव पसंत होतं.

“गावरान अंडे राहतेत,” मी फोनवर म्हटलं. “मी गावात राहतो म्हणून अक्षर गावरान काऊन? तू पुण्यात बसून कापलं असतं तर पुणेरी म्हटलं असतं काय?”

ती म्हणाली, “तुम्हीच सांगा मग.”

आमच्या धंद्यात कापडाच्या दोऱ्याला तिरपं कापण्याला उरेब म्हणतात. उरेब कापायला कापड जास्त लागतं आणि हात पक्का लागतो, पण तसं कापलेलं अंगाबरोबर वळतं, ओढलं तरी फाटत नाही. मी ‘उरेब’ म्हटलं. तिनं दोनदा म्हणून बघितलं आणि तेच ठेवलं. फॉन्टसोबत जी माहिती येते तिथे दोघींची नावं आहेत, माझ्यापुढे ‘टेलर’ लिहिलंय. हस्तकलाकार लिहू का, असं तिनं विचारलं होतं. मी म्हटलं, जे करते ते लिही.

फॉन्ट लोकांनी घेतला. पहिल्यांदा मला तो हिंगणघाटच्या बसस्टँडवर भिंतीवर दिसला, वडनेरच्या मुलींच्या कबड्डी सामन्यांचं पोस्टर होतं. माझ्या हातची अक्षरं मी न लिहिलेलं काहीतरी बोलत होती. माझी बस लागली होती तरी मी पूर्ण पोस्टर वाचलं, प्रवेश मोफत इथपर्यंत.

त्याच हिवाळ्यात भासऱ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आधी एका डोळ्याचं, मग दुसऱ्याचं. महिन्याभरानं एका सकाळी मी दार उघडलं तर ते रस्त्यावर उभे, काळा चष्मा हातात. पाटी वाचत होते. इतकी वर्षं ती त्यांनी लोकांच्या तोंडूनच ऐकली होती, कुऱ्हाड, पायऱ्या, बा. आता पहिल्यांदा स्वतः बघत होते. मी पदर घेतला आणि दारातच थांबले.

“‘श’ ले दोनदा कात्री लागली तुयी,” ते म्हणाले. चौकटीला नव्हे, मला.

“तीनदा, भाऊजी.”

“खालची गाठ आधी कापायची असते. मंग वरचं.”

“आता कळलं.”

त्यांनी मान हलवली. मी चहाला बोलावलं, ते बसले. ‘हात हाये आपला’ या वाक्याचा विषय त्यांनी काढला नाही. मीही माफी मागितली नाही, मागण्यासारखं काही केलं नव्हतं. चहा संपल्यावर त्यांनी टेबलावरची एक पँट उचलली, शिवण उलटून बघितली आणि घडी घालून परत ठेवली. टपरीवरच्यांना ते त्या दिवशी काय म्हणाले ते मला नंतर कळलं. म्हणाले, “माया दुकानात आठ वर्षं तिनंच कापलं.” उशिरा म्हणाले, पण मोठ्यानं म्हणाले.

मागच्या महिन्यात केळझरच्या मुलीचा फोन आला. आता ती नोकरी करते. म्हणाली, “काकू, लोक उरेबचा बारीक प्रकार मागून राह्यले. लग्नपत्रिकेला नाजूक पाहिजे म्हणतेत.”

“तू काय म्हटलं?”

“अजून काही नाई. तुम्हाला विचारलं.”

“नाजूक पाहिजे त्यानं दुसरा घ्यावा. बजारात कमी आहेत काय?”

ती हसली. “मी हेच लिहिते, जरा सभ्य भाषेत.”

“सभ्य लिहिजो. पण हेच लिहिजो.”

फोन ठेवला तेव्हा दारात तिघी मुली उभ्या होत्या. पोलीस भरतीच्या तयारीला रोज पहाटे धावतात त्या. त्यांना ट्रॅक पँट शिवून हव्या होत्या, तयार मिळते तिला खिसाच नसतो किंवा असला तर दोन बोटांचा. एकीनं आपला मोबाइल आणि घराची किल्ली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, दोन्ही मावलं पाहिजे, धावताना पडलं नाही पाहिजे. मी मोबाइल खिशाच्या कापडावर ठेवला, भोवती खडू फिरवला, वर चार बोटं जास्त धरली आणि कात्री घेतली.